त्रिकोणासनातली माझी मांडी

चौल आणि पंचक्रोशीतील समस्त नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पन्नाशी उलटल्यावर मला माझ्या मांड्यांचा शोध लागला. तोवर त्या नुसत्या होत्या.

आमचा योगवर्ग देवळाच्या सभामंडपात भरतो. योगदिनाला शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिक होणार होतं आणि पहिल्या रांगेत एकच जागा उरली होती. ती मला हवी होती. हवी म्हणजे काय, मी पांढरा कुर्ता शिवून घेतला होता आणि रेवदंड्यापासून नागावपर्यंत भेटेल त्याला "पुढेच असणार मी, या बघायला" असं सांगून मोकळाही झालो होतो.

निवडीच्या सकाळी मी त्रिकोणासनात वाकलो. पाय असा ताठ, की वाडीतल्या पोफळीने लाजावं. योगाच्या मॅडम आल्या, गुडघ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, हा ताठपणा खोटा आहे. गुडघा मागे ढकलून ठेवलाय तुम्ही. मांडी झोपलीय. तिचा पुढचा स्नायू वर खेचा, गुडघ्याची वाटी आपोआप वर सरकेल."

मी खेचलं. आधी भुवया वर गेल्या. मग पोट. मग खांदे कानांना टेकले.

"चेहऱ्याने नाही हो काका, मांडीने!"

आणि अचानक ती जागी झाली! गुडघ्याच्या वर काहीतरी सरसरत घट्ट झालं आणि पाय माझा स्वतःचा वाटू लागला.

"आता पाच श्वास होईपर्यंत मांडी अशीच धरून ठेवा. काकू, जरा दाबून बघा, घट्ट राहते का."

शेजारच्या चटईवरून आमची ही उठली. आता, हिला काही दाबून बघायला सांगणं जोखमीचं. बाजारात सुरमई घेताना ही अंगठा रुतवते; खड्डा राहिला, तर कोळीण कितीही ओरडो, मासा परत टोपलीत. तोच अंगठा माझ्या मांडीत रुतला.

"हं," ती म्हणाली. मान डोलली. मला मैदान दिसलं, कुर्ता दिसला, टाळ्या ऐकू आल्या.

तिसऱ्या श्वासाला मांडी थरथरली. चौथ्याला अंगठा लोण्यात गेल्यासारखा आत गेला. सभामंडपात सगळे आसनं सोडून आमच्याकडेच बघत होते. हिने हात पदराला पुसला आणि सवयीने खणखणीत आवाजात म्हणाली,

"बर्फातली आहे हो मॅडम! वरून टणक, आतून गेलेली. मी नाही घेणार!"