उलटा न बसलेला डायोड

नव्वदच्या आसपास मी अंबरनाथच्या एका कारखान्यात ॲम्प्लिफायर तपासायचे. आवाज जरा फाटला की लाल खूण करून ॲम्प्लिफायर परत पाठवायचा, एवढंच काम. पण डिप्लोमा नवा होता, त्यामुळे मी चालायचेसुद्धा इंजिनिअरसारखी.

बदलापूरला हेंद्रेपाड्यात माझा मावसभाऊ राहायचा. तो एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. एका रविवारी म्हणाला, "ताई, ते पेडल असतं ना, पायाने दाबलं की गिटारचा आवाज जाड, खरखरीत होतो? ओव्हरड्राइव्ह. बनवशील?"

"त्यात काय आहे!" मी म्हटलं. त्यात काय आहे हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या सिंधी दुकानदाराकडे सुटे भाग घ्यायला गेले. ते कशाला हवेत हे ऐकून तो हसला. "दीदी, लोग फटा आवाज ठीक कराने आते हैं. आप खुद फाडोगी?"

महिनाभर वह्या भरल्या. तत्त्व सोपं होतं: सिग्नल खूप वाढवायचा आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड एकमेकांच्या उलट जोडून लाटेची दोन्ही टोकं कापायची. सगळं एका ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवलं. मावसभावाने तार छेडली आणि असा भरदार आवाज आला, की मावशी लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. मी दोघांना तासभर थिअरी समजावली.

आठवड्याने एक सैल वायर जोडायला डबा उघडला, तर दोन्ही डायोड एकाच दिशेने! लाटेचं एकच टोक कापलं जात होतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातली चूक. मी गुपचूप एक डायोड फिरवला.

दुसऱ्याच दिवशी मावसभाऊ दारात. "ताई, काय केलंस? सगळी मजा गेली!"

"बॅटरी उतरली असेल," मी ठोकून दिलं आणि चूक पुन्हा होती तशी करून ठेवली.

त्याने मात्र गावभर माझी कीर्ती पसरवली. उल्हासनगरचा एक गिटारवाला तसंच पेडल मागायला आला. नमुना म्हणून उघडलेल्या मावसभावाच्या डब्यात डोकावून त्याने विचारलं, "मॅडम, दोन्ही डायोड एकाच बाजूला का?"

या वेळी मी खरं सांगितलं. "चुकून झालं हो."

तो समजूतदारपणे हसला. "सांगायचं नसेल तर राहू द्या. फॉर्म्युला कोण देतं!"