काशिराम परटाचा जामीन

काशिराम परटाला कुणी कधी नाही म्हणताना ऐकलं नव्हतं. पनवेलच्या टपाल नाक्यापाशी त्याची इस्त्रीची गाडी उभी असे. संध्याकाळी निखारे विझत आल्यावर कुणी चार शर्ट आणून टाकले आणि "सकाळी सातला हवेत हं" म्हटलं, तरी तो मान खाली घालून म्हणे, "होईल."

"होईल म्हणायला काय जातंय?" त्याची बायको दमयंती कडाडायची. "कोळसा काय माझ्या माहेरून येतो?"

तो हसायचा आणि पुन्हा कोळसा पेटवायचा.

म्हणूनच तिच्या भावाच्या, बाळूच्या टेम्पोखाली एका म्हाताऱ्याचा पाय सापडला, तेव्हा जामिनासाठी दमयंती दुसऱ्या कुणाच्या दारात गेली नाही. वकील म्हणाला, नावावर घर असलेला माणूस पाहिजे. काशिरामच्या नावावर बापाच्या दोन खोल्या होत्या. घरपट्टीची पावती तिनंच पेटीतून काढली.

"सही करा जरा. माझा भाऊ हाय, पळून जाणाराय का?"

"होईल," काशिराम म्हणाला आणि सही करून आला. घराची किंमत चाळीस हजार, हे वकिलानं कागदात आपल्या मनानं घातलं होतं.

बाळू दोन तारखांना आला. दोन्ही वेळा निळ्या रेघांचा एकच बरा शर्ट होता, तो काशिरामनंच कडक इस्त्री करून त्याला दिला. तिसऱ्या तारखेला बाळू आला नाही, चौथ्या तारखेलाही नाही. टेम्पो मालकाच्या दारात सोडून तो नाहीसाच झाला. मग त्र्याण्णवच्या जानेवारीत कोर्टाची नोटीस आली. आरोपी हजर नाही, तेव्हा जामिनाचे तीन हजार रुपये काशिरामकडून दंड म्हणून का घेऊ नयेत, ते येऊन सांगा. भरले नाहीत तर जप्ती, आणि जप्तीत वसूल झाले नाहीत तर कैद.

एका कपड्याला आठ आणे मिळवणाऱ्या माणसाला तीन हजार म्हणजे किती, हे दमयंतीनं मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. काशिराम तिला एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला त्या आठवड्यात रोज वाटलं.

आणि त्याच आठवड्यात करंजा बंदरातल्या एका मासळीवालीनं बाजारात तिच्या पिशवीत एक गाठोडं कोंबलं. "भावानं धाडलंय. बोटीवर कामाला हाय तो आमच्याकडं. कुनाला बोलू नको सांगितलंय."

आत सुके बोंबील होते. दमयंतीनं त्यातले थोडे वांग्यात घातले, बाकीचे पुढच्या दिवसांसाठी ठेवले. "आज बाजारात स्वस्त मिळाले," ती म्हणाली. काशिराम खाली मान घालून जेवला. गाठोड्याचं फडकं तिनं धुऊन दोरीवर टाकलं. संध्याकाळी पाहिलं तर ते इस्त्री होऊन, चौपदरी घडी होऊन तिच्या लुगड्यांवर ठेवलेलं होतं. हातासरशी केलं असेल, असं म्हणून तिनं ते आत सारलं.

तारखेच्या आदल्या दिवशी दोघं दयारामकडे गेली. कोर्टाबाहेर छत्रीखाली टाइपरायटर मांडून तो लोकांचे अर्ज लिहायचा.

"मुली किती?"

"एक."

"तीन लिहितो. बायको आजारी?"

दमयंती कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी होती. "दिसत्ये ना मी आजारी?"

"बाई, अर्जात सगळ्यांच्याच बायका आजारी असतात."

"मुलगी एकच हाय," काशिराम पुटपुटला. "एकच लिवा."

"राहिलं. पण दंड माफ व्हायचा तर गरिबी तरी नीट लिहू दे." दयारामनं टाइप केलं : मी अत्यंत गरीब असून माझ्या मालकीचे काहीही नाही. काशिरामनं सही केली.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी तो अर्ज वाचला, फाइलची पानं मागं उलटली आणि एका कागदावर बोट ठेवलं.

"चाळीस हजारांचं घर आहे, असं तुम्ही शपथेवर सांगितलंत. आज म्हणता, मालकीचं काहीही नाही. खोटं कधी बोललात? तेव्हा, की आज?"

दमयंती दारापाशी उभी होती. काशिराम एक पाऊल पुढं सरला.

"साहेब, घर हाय. दोन खोल्या हायत. चाळीस हजार वकिलानं लिवले, काय नाय ते दयारामनं लिवलं. मी दोनी टायमाला नुसती सही केली."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.

"सही केली म्हणजे तुम्हीच बोललात. दंड माफ करा म्हणता, आरोपीला शोधायला काय केलंत? कुठे आहे तो?"

काशिरामनं सदऱ्याची बाही सरळ केली.

"ठाऊक आहे की नाही? सरळ सांगा."

त्यानं मान वळवली. न्यायाधीशांकडे नाही, दाराकडे. तिच्याकडे. त्या नजरेत राग नव्हता, विचारणं होतं. आणि दमयंतीला एकदम ते इस्त्री केलेलं फडकं डोळ्यांसमोर आलं. निळ्या रेघांचं. बाळूच्या शर्टाची पाठ. परटाच्या हाताखालून एकदा गेलेलं कापड तो आंधळा झाला तरी ओळखतो, आणि तिनं ते त्याच्याच दोरीवर वाळत घातलं होतं! आठ दिवस हा माणूस सगळं जाणून तिच्या हातचे बोंबील गिळत होता.

"ते मला सांगता येनार नाय, साहेब," काशिराम म्हणाला.

"येणार नाही?"

"नाय."

"मग अर्जाचा निकाल सोपा आहे." न्यायाधीशांनी पेन उचललं.

"थांबा, साहेब!"

पट्टेवाला धावला. "ए बाई, गप ऱ्हा!"

"कोण आहे ती?"

"बायको हाय मी यांची. आन त्याची भैन. मला ठाऊक हाय तो कुठं हाय. माझ्यापायी हे बोलत नायत."

"मग तुम्ही बोला."

"पत्ता नाय देत. त्यालाच आनून उभा करते. आठ दिवस द्या."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "आठ दिवस. आणलंत तर दंडाचं बघू. नाही आणलंत तर पूर्ण रक्कम, आणि पोलीस तुमच्या दारात येतील, बाई."

ती घरी गेलीच नाही. पुढच्या एसटीनं उरण आणि तिथून करंजा. बाळू धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. तिला पाहून त्याचा हात थांबला.

"कुनी सांगितलं तुला? पोलीस हायत का संगती?"

"अजून नायत. उठ."

"ताई, आत टाकतील मला. दाजी भरतील काय ते. दाजी कधी नाय म्हनतात का?"

तिच्या तोंडावर कुणी मारल्यासारखं झालं. कारण हेच, अगदी हेच, तिनंही मनात धरलं होतं.

"मंगळवारी सकाळी दहाला कोर्टात ये," ती म्हणाली. "नाय आलास तर दुपारी मी बोटीचं नाव सांगेन. आईची आन घालू नको मला. आईला मी आदीच सांगून ठेवनार हाय."

मंगळवारी दहा वाजून गेले. साडेदहाला पुकारा झाला. काशिराम पिंजऱ्याजवळ उभा राहिला. दमयंती फाटकाकडे तोंड करून उभी होती. पावणेअकराला बाळू आला. अंगाला मासळीचा वास, डोळे खाली.

न्यायाधीशांनी हुकूम सांगितला : जामीनदारानं आरोपीला हजर केलं आहे, परिस्थिती गरिबीची आहे, सबब दोनशे रुपये भरावेत, बाकीची रक्कम माफ. आणि पुन्हा कधी न वाचता सही करू नका, असं वर बजावलं. काशिरामनं दोन्ही हात जोडले. ते खाली घ्यायचं त्याला सुचेना.

"आरोपीला नवा जामीन द्यावा लागेल," कारकून म्हणाला. "नाही तर कोठडी. कोण राहतंय?"

बाळूनं काशिरामकडे पाहिलं. "दाजी."

काशिरामचे ओठ हलले. तो शब्द वर येताना दमयंतीला दिसला, रोज संध्याकाळी गाडीपाशी दिसायचा तसा. ती पुढं झाली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"आमच्याकडून कोन नाय," ती कारकुनाला म्हणाली.

"ताई..."

"आईचा निरोप टेम्पोच्या मालकाकडं गेलाय. तो जामीन ऱ्हायला आला तर आला."

पोलिसानं बाळूच्या दंडाला धरलं. तो जिना उतरेपर्यंत तिच्याकडे वळून बघत होता आणि तीही नजर न हलवता त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कारकुनाला विचारलं, दोनशे रुपये कुठल्या खिडकीत भरायचे.