रिकाम्या गाडीचं माप

वडनेर भोलजीच्या बाहेर, हायवेले लागून अन्वरभाईचं टिनाचं शेड. ट्रकच्या मागच्या चाकामागं चिखल उडू नये म्हणून जे रबर लोंबते, ते कापून लावून द्यायचं, हाच त्याचा तीस वर्षांचा धंदा. बायको अमीना जाऊन चार वर्षं झालेली. पोरगी फलक बऱ्हाणपुरात दिलेली. आताशा दुकानात प्लास्टिकचे तयार पट्टे भेटतात, म्हणून शेडाकडं कोणी वळत नाही. दिवसभरात तोंडातून शब्द निघालाच तर बकऱ्या हाकलण्यापुरता.

एकटा रंगराव तेवढा यायचा. धामणगाव बढ्याचा ड्रायव्हर. कापसाची गाडी घेऊन खामगावच्या जिनिंगले जाता-येता थांबायचा, चहा प्यायचा, साऱ्या गावाले शिव्या देत बातम्या सांगायचा. पण बोंडअळीनं बीटी कापसाचाही दम काढला, लोकांनी पऱ्हाटी उपटून सोयाबीन पेरलं अन् खेपा आटल्या.

त्या दुपारी तो आला, गाडी शिगोशीग भरून.

"अन्वरभाई, रबर बदलून दे. परवा बुलडाण्याले पासिंग हाय. मागच्या डावाले रबर आखूड म्हणून आरटीओच्या साहेबानं गाडी परत धाडली."

"एवढी घाई काऊन?"

"मालक गाडी गुजरातेत मिठाच्या खेपेवर लावून राह्यला. पास झाली का मी चाललो. बायकोपोरं बी संग."

"अन् नाही झाली तं?"

"तं मालक दुसरी गाडी धाडीन, दुसरा ड्रायव्हर जाईन. मी बसतो मंग इथंच, तुह्या चहाच्या आशेवर."

"वापस कधी येशीन?"

"इथं काय ठेवलं बे? अळ्या मोजाले येऊ?"

रंगराव स्वतःच हसला. अन्वरभाईही हसला, पण जरा उशिरानं.

रंगराव केबिनीत आडवा झाला. अन्वरभाई चाकाजवळ उकिडवा बसला. कापसाच्या गाडीचं माप तो भरल्या गाडीवरच घ्यायचा. नाही तर रबर रस्त्यानं घासून फाटते. पण साहेब गाडी रिकामी पाहतो. माल उतरला का चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उठतात, अन् रबर चांगलं चार बोटं वर जाते. मागच्या डावाले घोळ झाला तो इथंच. रंगरावच्या ते ध्यानातही नव्हतं.

त्यानं खडूनं रेघ मारली, नेहमीच्याच मापाची. सुरी रेघेवर ठेवली. याच मापानं कापलं असतं, तर कोणी त्याले बोल लावला नसता. केबिनीतून रंगरावचं घोरणं ऐकू येत होतं. तो बराच वेळ ते ऐकत बसला.

मग रेघ तळव्यानं पुसली, चार बोटं खाली दुसरी मारली अन् कापलं.

रंगराव उठून पाहतो तं रबर जमिनीवर लोळत होतं. "आंधळा झाला का बे?"

"मागच्या डावाले माप माह्यंच चुकलं. आता तारेनं वर बांधून देतो. खामगावले माल उतरून गाडी खाली झाली का तार सोड."

"अन् हे तुले आज सुचलं?"

"हाव."

चौथ्या दिवशी रंगरावचा फोन आला. "पास झाली, अन्वरभाई! उद्या निघतो. जाताना येतो चहाले."

धामणगावातून गुजरातेले जाणारी गाडी मलकापूरवरूनच वळते. वडनेर त्या वाटेत लागत नाही, हे दोघांलेही ठाऊक होतं.

"येजो," अन्वरभाई म्हणाला.