अक्कांची काटकसर

शकुअक्कांना सायकल चालवता यायची, पण सायकलवरून उतरता यायचं नाही. पंचेचाळिशी उलटल्यावर त्या सायकल शिकल्या. चढणं जमलं, तोल जमला, गर्दीतून वाट काढणंही जमलं. पण थांबताना पाय टेकवायचा म्हटलं की त्यांचा धीर सुटायचा. त्यामुळे जळगावात त्यांनी जागोजागी आपले थांबे ठरवून ठेवले होते. ज्या दुकानात त्या ब्लाऊज शिवायला जायच्या तिथली पायरी, भाजीबाजाराच्या तोंडाशी पडलेला एक मोठा दगड आणि आमच्या फाटकाचा कठडा. संध्याकाळी कठड्यावर त्यांचा हात थपकन पडायचा आणि पाठोपाठ आवाज यायचा, "वंदना, आले गं." मी चहाचं आधण ठेवायची.

आमची कॉलनी हायवेच्या पलीकडे. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. अक्का आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. माहेर साक्रीकडच्या एका खेड्यातलं. आमच्याशी बोलताना शहरातलं बोलायच्या, पण मनातलं काही सांगायचं असलं की आपोआप अहिराणीवर यायच्या. त्यांचे यजमान प्रल्हादभाऊ मूळचे धरणगावचे, एका डाळमिलमध्ये हिशेबाचं काम करायचे. एकुलती मुलगी भाग्यश्री. तिला सगळे भागी म्हणायचे.

भाऊंनी एक पांढरी मोटार घेतली होती, जुनीच, पण भाऊंचा तिच्यावर भारी जीव. दर रविवारी ती धुवायची, काचा वर्तमानपत्रानं पुसायच्या, मग उगाच कॉलनीतून एक चक्कर मारायची. रोज मिलमध्येही तिच्यातूनच जायचे. भागीला धुळ्याच्या एका खासगी कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा पेढे द्यायला म्हणून अक्कांनी मला घरी बोलावलं होतं. पेढा माझ्या हातावर ठेवता ठेवता त्या भाऊंना म्हणाल्या, "मोटार विकू या."

भाऊ हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही.

"विकली तर लोक म्हणतील, प्रल्हाद बसला."

"म्हणू द्या. पोरगी चार वर्षं होस्टेलला राहणार. हप्ता, पेट्रोल, दुरुस्ती आणि वरून तिची फी, हे बठ्ठं एका पगारात बसतं का?"

"मग मिलमध्ये जाऊ कसा?"

"सायकलवर. मी बी शिकते."

पुढे हेच त्यांचं बोलणं होऊन बसलं. कोणी विचारलं, की त्या म्हणायच्या, "जवलोंग पाय शेतस, तवलोंग पेट्रोल कसाले?" पाय आहेत तोवर पेट्रोल कशाला, इतकाच त्याचा अर्थ, पण त्या असं काही म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला आपल्या गाडीची लाज वाटावी.

ज्या दिवशी मोटार घ्यायला माणूस आला, त्या दिवशी भाऊ फाटकात उभे होते. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी ते तिथंच उभे. अक्का आतून पडद्याआडून पाहत होत्या. मी समोरून येत होते म्हणून मला दोघंही दिसले.

मग कॉलनीच्या मोकळ्या मैदानात अक्कांची शिकवणी सुरू झाली. साडीचा काचा मारलेला, पायात भागीचे जुने शाळेचे बूट. मागून कॅरिअर धरून भाऊ पळायचे आणि दोघांचं भांडण मैदानभर ऐकू यायचं. "सोडू नका, सोडू नका," असं अक्का ओरडत असताना भाऊंनी कधीचंच सोडून दिलेलं असायचं. पोटरीला खरचटलं, कोपर सुजलं, पण महिन्याभरात दोघं सकाळी बरोबर निघायला लागले. हायवेला मात्र अक्का बिचकायच्या. तिथं दोघंही सायकली हातात धरून चालत रस्ता ओलांडायचे, पलीकडे गेल्यावर वाटा वेगळ्या व्हायच्या.

लोक आधी हसले. नंतर एकेक घर सायकलकडे वळायला लागलं. आमच्या घरीही मोटारसायकल झाकून ठेवली गेली, आणि वाचलेल्या पैशांतून गळक्या पत्र्याच्या जागी स्लॅब घालायचा विचार पहिल्यांदा आमच्या बोलण्यात आला. शेजारच्या पाटलांची सून मुलाला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडायला लागली. मेच्या उन्हात अक्का सगळ्यांना बजावायच्या, "डोक्यावर ओलं फडकं आणि खिशात कांदा, मगच घराबाहेर."

एकदा चहा पिताना मला म्हणाल्या, "मोटारीत आम्ही कधी बोललोच नाही गं. एसी लावला की पेट्रोल जातं म्हणून बंद, काचा उघडल्या की धूळ. दोघं घामानं चिडलेले. आता सायकलवर हे गाणी म्हणतात. आवाज काही बरा नाही, पण म्हणतात." रविवारी संध्याकाळी दोघं मेहरूण तलावावर जायचे, भाजलेल्या शेंगा खाऊन परतायचे. पन्नाशीला टेकलेल्या त्या जोडप्याला सुखी व्हायला एवढं पुरलं होतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

भागी तिसऱ्या वर्षाला गेली त्या सुमाराला अक्कांच्या हातून वस्तू पडायला लागल्या. चहाचा कप टेबलावर ठेवला की काठावरून खाली. दाराची चौकट खांद्याला लागायची. एकदा उभ्या रिक्षाला घासून आल्या, डावा हात सोललेला.

मी म्हटलं, "अक्का, डोळे तपासून घ्या एकदा."

त्या हसल्या. पिशवीतून सुई काढली, आमच्या दारात उजेडाला उभ्या राहिल्या आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवून सुई माझ्यापुढे धरली. "मना डोयासले काय व्हयेल नही. माले बठ्ठं दिखस." माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, मला सगळं दिसतं. ती बारीक सुई पाहून कोणाचीही खात्री पटली असती. माझीही पटली.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर त्यांची सायकल आदळली. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. भाऊ आणि मी दवाखान्यात होतो. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलता बोलता बाजूनं हात हलवून पाहिला. अक्कांनी तिकडे पाहिलंच नाही. डॉक्टरांनी आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. तपासायला त्यांनी बराच वेळ घेतला. मग खुर्ची पुढे ओढून त्या अक्कांच्या समोर बसल्या.

"आई, तुम्हाला काचबिंदू आहे. हे याआधी कोणी सांगितलं नव्हतं?"

भाऊ म्हणाले, "नाही हो, कोणी नाही."

"सांगितलं होतं," अक्का हळूच म्हणाल्या. "चष्म्यासाठी गेले होते तेव्हा. थेंब दिले होते रोजचे."

"मग?"

"टाकत होते आधी. डोळा तर दुखत नव्हता. मग एक बाटली जास्त दिवस पुरवली. मग आणली नाही."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "यात डोळा दुखतच नाही. कडेचं दिसणं आधी जातं, समोरचं शेवटपर्यंत राहतं. म्हणून कळत नाही."

"गेलेलं परत येईल ना?" भाऊंनी विचारलं.

बाईंनी मान हलवली. उरलेलं तरी टिकतं का ते पाहू, म्हणाल्या.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. भाऊंच्या हातात नव्या थेंबांची चिठ्ठी होती, ती ते उगाच घडी करत होते, उलगडत होते. मग म्हणाले, "तू माले काब नही सांगं?" मला का नाही सांगितलंस.

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "तुमची मोटार विकायला लावली मी. ती गेली तेव्हा तुम्ही फाटकात उभे होते. त्यानंतर तुमच्याकडं काही मागायला तोंडच उघडेना. वाटलं, पोरनं शिकनं व्हई जाऊ दे, मंग दखसूत."

मुलीचं शिक्षण होऊन जाऊ दे, मग पाहू. भाऊ उठले आणि दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आता पाठीवरून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भागी धुळ्याहून आली. सगळं ऐकून घेतलं, पण आईला जवळ घेतलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून बोलत होती. "मी तिकडं वॉर्डात रोज लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकते, आई. अनोळखी लोकांच्या. वेळ चुकली तर सिस्टर आम्हाला ओरडतात. आणि तू इथं बाटली पुरवत होतीस." मग खालीच बसली आणि अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. अक्का प्लास्टर नसलेल्या हातानं तिचे केस चाचपत राहिल्या. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "तुले कसं सांगती, माय? तू शिकणं सोडी देती."

हे मात्र खरं होतं. भागीनं सोडलंच असतं.

उपचार झाले, ऑपरेशनही झालं. पण उशीर फार झाला होता. सायकल बंद झाली. काही दिवस भाऊ त्यांना कॅरिअरवर बसवून तलावावर न्यायचे. पण आजूबाजूचं न दिसता मागे बसायची अक्कांना भीती वाटायला लागली, तेव्हा तेही थांबलं. मग त्या आमच्या घरापर्यंत भिंतीला हात लावत यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आता फक्त भोक राहिलंय, वंदना. दाराच्या भोकातून पाहावं तसं."

भागी पास होऊन आली त्या दिवशी मी तिथंच होते. अक्कांनी तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं, तिची हनुवटी धरली आणि मान हळूहळू फिरवत तिला पाहायला लागल्या. आधी कपाळ, मग एक डोळा, मग दुसरा, मग नाक, ओठ. अख्खा चेहरा एकदम दिसत नव्हता, म्हणून तुकड्यातुकड्यानं गोळा करत होत्या. भागी डोळ्यांतलं पाणी न पुसता, न हलता बसून होती. मला तिथं उभं राहवेना. मी चहा ठेवायला आत गेले आणि आतच थांबले.

पाऊस सरता सरता ते भोकही मिटलं.

भागीला धुळ्यातच एका दवाखान्यात नोकरी लागली. तिनं देवपुरात दोन खोल्या घेतल्या आणि आईवडिलांना बोलावून घेतलं. भाऊंनी मिल सोडली. सामान टेम्पोत चढवताना कॉलनीतली सगळी घरं बाहेर आली होती. पाटलांची सून अक्कांच्या पाया पडली, म्हणाली, "तुमच्यामुळे पोराच्या क्लासची फी निघाली, अक्का." अक्कांना आवाजावरून ती ओळखू आली. "सांभाळून चालव," त्या म्हणाल्या, "आणि डोळे तपासून घेत जा, दुखत नसले तरी." त्या दिवशी त्यांनी हे प्रत्येकाला सांगितलं, हात धरून धरून.

मागच्या दिवाळीनंतर मी एसटीनं त्यांना भेटायला गेले. भाऊ दूध आणायला गेले होते. अक्का पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. बोटांनी चाचपून काडी आणि पानं वेगळी करत होत्या. वाळल्या होत्या. कॉलनीतल्या एकेकाची चौकशी झाली. मग भागी दुहेरी पाळी करून आली. तिनं पर्स ठेवली, मला पाहून हसली आणि तोंड धुवायला आत गेली.

अक्कांनी माझा हात ओढला आणि आवाज खाली आणला. "वंदना, एक खरं सांग. माझ्या ध्यानात ती अजून त्याच दिवशीची आहे, खिडकीपाशी बसलेली. आता कशी दिसते? रोज विचारते, थकलीस का, तर नाही म्हणते. डोळ्याखाली काळं शे का तिच्या?"

भागी तोंड पुसत आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, गालाची हाडं वर आली होती. पंचविशीच्या आतली मुलगी पस्तिशीची दिसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. टॉवेल तोंडाशी धरून तिनं माझ्याकडे पाहत मान हलवली. सांगू नका.

"छान दिसते, अक्का," मी म्हटलं. "थोडी भरलीय उलट."

अक्कांनी माझा हात सोडला नाही.

"ती दारात उभी आहे ना?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी परात बाजूला सारली, पलंगावर आपल्याशेजारी जागा केली आणि दाराच्या दिशेनं हात पुढे केला. भागी येऊन बसली. अक्कांची बोटं आधी तिच्या कपाळावर गेली, मग डोळ्यांखाली आली, आणि तिथंच थांबली.