मासोळीकाकूंची डोण

निरगुडसरला आमच्या शेजारी राहणाऱ्या एका जैन बाईंना सगळा गाव मासोळीकाकू म्हणायचा. परगावचा माणूस हे नाव ऐकून बुचकळ्यात पडे, कारण त्या घरात कांदा-लसूणसुद्धा चुलीजवळ येत नसे. एकदा बाजाराच्या दिवशी लोणी गावचा एक माणूस टोपली घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला आणि मासळीचा भाव विचारू लागला. काकू चिडल्या नाहीत. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडं मासे हाईत, पण ते पावण्यावानी आल्यात. इकायला न्हाईत."

मी लग्न होऊन त्या गावात आले ते पहिल्या मोठ्या लढाईच्या आधी चार-पाच वर्षं. माझे यजमान शाळेत मास्तर होते. आमचं परसू आणि काकूंचं परसू यांच्यामध्ये कमरेइतकी भिंत होती. भिंतीपलीकडे कडुलिंबाखाली एक लांबट दगडी डोण होती, पूर्वी गुरांना पाणी पाजायची. गुरं विकली तशी ती रिकामी राहिली होती. फाल्गुन संपला की काकू त्या डोणीत मासे आणून ठेवत.

उन्हाळ्यात नदी आटायची. वाळूत डबकी उरायची, तीही रोज थोडी थोडी आत सरकत जायची आणि त्यांत बोटभर मासोळ्या तडफडत असायच्या. वर कावळे बसलेले असत. काकू पितळी घागर घेऊन उतरत आणि हाताला लागतील तेवढ्या मासोळ्या घेऊन येत. नदीला पाणी आलं की त्या पुन्हा नदीत. दरवर्षी चाळीस-पन्नास तरी निघत. मी एकदा विचारलं की डबक्यात तर शेकड्यांनी असतात, मग एवढ्यांनी काय होणार. काकू घागर घासत होत्या. म्हणाल्या, "त्या पन्नासांना इचार."

डोण उथळ होती. वैशाखात तिचं पाणी दिवसाला बोटभर खाली जाई, उरलेलं तापे आणि मासे तोंड वर काढून हवा ओढू लागत. म्हणून रोज सकाळी आणि ऊन कलल्यावर डोण पुन्हा काठापर्यंत भरायची. नुसतं पाणी ओतून भागत नसे. काकू आधी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत, फडक्यात जे उरे ते पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडत, आणि मगच ते पाणी लोटीने डोणीच्या कडेकडेने घालत, मासे दचकू नयेत म्हणून. मी गावात आल्याच्या दुसऱ्या वर्षी काकू विहिरीच्या पायरीवरून घसरल्या. उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. तरी अर्धी अर्धी घागर आणून त्यांचं चालूच राहिलं. एका फेरीच्या तीन झाल्या.

मी मदतीला जाऊ लागले. पहिले आठ दिवस त्यांनी मला नुसतं फडकं धरायला लावलं. मग कधीतरी माझ्या हाती लोटी दिली. पाणी गाळताना त्या गप्प असत, पण डोणीशी बसल्या की बोलत. त्यांची धाकटी बहीण जुन्नरला दिलेली होती. तिचा विषय निघाला की मात्र त्यांना आत काहीतरी काम आठवे.

त्यांच्या घरी एकदा विहार करत आलेल्या साध्वी उतरल्या होत्या. त्यांनी डोण पाहिली आणि शांतपणे सांगितलं की जीवाला वाचवणं चांगलं, पण कोंडून ठेवणं हेही बंधनच आहे. घरातली मंडळी काकूंकडे बघू लागली. काकूंनी हात जोडले. "चार म्हैने बांधते आन् सोडते," त्या म्हणाल्या, "त्याचं पाप लागंल ते माज्या वाट्याला येऊ द्या." त्या दिवशी संध्याकाळी काकूंनी उपास धरला, आणि डोणही भरली.

शेटजींचा, म्हणजे काकूंच्या यजमानांचा, या सगळ्याशी संबंध नसे. त्यांचं किराणा दुकान भलं आणि ते भले. मी गावात येण्याआधी एका वर्षी काकू दोन दिवस नात्यातल्या लग्नाला गेल्या तेव्हा शेटजी डोण भरायची विसरले. अकरा मासे मेले. काकू त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यानंतर उन्हाळ्यात त्या गाव सोडेनाशा झाल्या.

मला सातवा महिना होता त्या वर्षी चैत्रात जुन्नरचे उस्मानचाचा आले. ते दरसाल भांड्यांना कल्हई करायला यायचे. काकूंच्या ओट्यावरच भाता मांडायचे. या खेपेला त्यांनी निरोप आणला होता. काकूंच्या बहिणीचं घर चाचांच्याच गल्लीच्या टोकाला होतं. बहीण महिनाभर अंथरुणाला खिळली होती आणि तिने सांगून पाठवलं होतं की ताईला म्हणावं, एकदा ये.

काकूंनी डोणीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी पंधरा दिवसांत बाळंतपणाला माहेरी जाणार होते. "पाऊस झाला की जाईन," त्या म्हणाल्या.

चाचांनी भाता थांबवला. "तवर ती थांबल का, शेटाणीबाई?"

काकू घागर घेऊन विहिरीकडे गेल्या. चाचा त्यांना येताना-जाताना बघत राहिले. तिसऱ्या फेरीला त्यांनी मला विचारलं, हे रोजचं का. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेटजींच्या दुकानातून घासलेटचे दोन रिकामे डबे मागून घेतले. त्यांच्या घरी कबुतरं होती, आणि त्यांच्या वडिलांनी कबुतरांसाठी पाण्याचं एक भांडं केलं होतं, ते आपोआप भरून यायचं. तेच मोठं करायचं, एवढंच ते म्हणाले.

डबे राख आणि सोड्याने तीनदा उकळून घासले तेव्हा कुठे वास गेला. चाचांनी प्रत्येक डब्याच्या बुडाशी एक तोटी कथलाचा डाक देऊन बसवली आणि वर भरण्यासाठी एक तोंड ठेवलं. डबा डोणीत दोन दगडांवर उभा करायचा, असा की तोटीचं टोक पाण्याला टेकेल. तोटीला बूच लावून वरून पाणी भरायचं, वरचं तोंड घट्ट बंद करायचं, आणि मग खालचं बूच काढायचं. चाचांचं म्हणणं असं की वरून वारा शिरला नाही तर पाणी खाली येत नाही. डोणीतलं पाणी तोटीच्या खाली उतरेल तेव्हाच वारा तोटीतून आत जाईल आणि तेवढंच पाणी बाहेर पडेल.

पहिल्या दिवशी ते फसलं. वरचं झाकण जरासं सैल राहिलं होतं. आम्ही जेवून येतो तो दोन्ही डबे रिकामे, डोण भरून वाहिलेली आणि तीन मासोळ्या चिखलात. दोन वाचल्या. काकू तिसरी हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. चाचांनी मान खाली घातली. ते म्हणाले की चूक माझी हाय, आन् उद्याच्याला मी जात न्हाई. त्यांनी रात्रीचा मुक्काम केला, सकाळी झाकणाला सुताचा वेढा दिला आणि त्यावर मेण फासलं.

या वेळी काकू जागच्या हलल्या नाहीत. बूच काढलं. थोडं पाणी आलं आणि थांबलं. काकूंनी डोणीतून एक लोटी पाणी काढून घेतलं. डब्यात बुडबुड असा आवाज झाला आणि पाणी पुन्हा काठाला आलं. त्यांनी आणखी एक लोटी काढली. पुन्हा बुडबुड. असं त्यांनी सहा-सात वेळा केलं. मला वाटलं त्या आनंदल्या असतील, पण त्यांचा चेहरा उतरला होता. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

दोन डबे तीन दिवस पुरतील असा अंदाज होता. दर तिसऱ्या दिवशी भरायचं, एवढंच शेटजींकडे राहिलं. दुसऱ्या दिवशी चाचांच्याच बरोबर काकू छकड्यात बसून जुन्नरला गेल्या.

मी माहेरी जाईपर्यंतचे दिवस परसूवर लक्ष ठेवून होते. पहिल्या खेपेला शेटजी फडकं घेऊन विहिरीवर आले. धोतर भिजवून घेतलं, निम्मं पाणी सांडलं, पण गाळलं मात्र नीट. फडक्यात उरलेलं विहिरीत सोडताना ते वाकून खाली बघत राहिले. त्यानंतर मी पाहिलं की दुपारी दुकान बंद केल्यावर त्यांची बैठक कडुलिंबाखाली येऊन पडली आहे. मी भिंतीशी गेले तेव्हा जरा लाजून म्हणाले, "ह्यो आवाज ऐकला का डब्याचा? झोप बरी लागती."

काकूंची बहीण त्यानंतर सतरा दिवसांनी वारली. काकू परतल्या तेव्हा मी माहेरी होते. बाळाला घेऊन आले तेव्हा नदीला पाणी आलेलं होतं आणि डोण रिकामी होती. काकू पहिल्यासारख्याच होत्या. बाळाला मांडीवर घेतलं, त्याचे तळवे चोळले, बहिणीबद्दल काहीच बोलल्या नाहीत.

पुढे यजमानांची बदली झाली. दोनच वर्षांनी काकू गेल्याचं मला कळलं, तेही महिना उलटून गेल्यावर. पण त्या कशा होत्या असं कुणी विचारलं की मला आम्ही गाव सोडला तो दिवस आठवतो. सामान गाडीत भरलं होतं. काकू वेशीपर्यंत गाडीच्या बाजूने चालत आल्या. तिथे त्यांनी यजमानांना पुढे व्हायला सांगितलं आणि माझा हात धरला.

"पोरी, तुला एक सांगायचं राह्यलं," त्या म्हणाल्या. "मी माशांपायी जुन्नरला जात न्हवते, असं समद्यांना वाटायचं. मासे व्हतेच. पण आई धाकटीकडं व्हती. आई वारली त्या दिशी मी धाकटीला बोलले, की तू तिला नीट जेऊ घातलं न्हाईस. सगळ्यांच्या देखत बोलले. मग तोंड दाखवायची लाज वाटायची. दर साली मनात म्हनायची, पाऊस झाला की जाईन. पाऊस झाला की आनखी काही तरी निघायचं. चाचानं डबा केला आन् मला सांगायला काय उरलंच न्हाई."

मी विचारलं, बहीण काय म्हणाली.

"दारात मला बघितलं आन् पयलं इचारलं, मासे कुनाकडं टाकून आलीस? मी डब्याचं सांगितलं. तिला खरं वाटंना. मग मी तिथंच भरलेली लोटी ताटात उलटी धरून दाखवलं, अंथरून भिजलं तिचं. लई हसली. रोज सांज झाली की परत सांगायला लावायची. माफी मागायची म्हनून मी तोंड उघडलं की म्हनायची, डब्याचं सांग."

त्यांनी माझा हात सोडला. डाव्या हाताने बाळाचं टोपडं सारखं केलं आणि गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं.