पवळीला हिरवं आवडतं

आमच्या दाजींच्या घरून उपाशी परतलेला माणूस या जगात नाही, आणि धडधाकट परतलेला मी तरी पाहिलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहणार घनसावंगीच्या पुढं, गोदाकाठच्या उसात. कुणाचं ताट रिकामं दिसलं की या माणसाला कसंनुसंच होतं. मी ताटावर हात आडवा धरला, तर ते खुशाल हातावर वरण ओततात. "भाजलं की हो!" म्हणून ओरडलो, तर त्यावर तूप. एकदा मला निरोप द्यायला रस्त्यावर आले आणि काळीपिवळी जीप थांबवून आतल्या यच्चयावत प्रवाशांना त्यांनी पुरणपोळ्या वाटल्या. एक नवा जावई संकोचून नको म्हणाला, तर "पाव्हणं, लाजून राह्यले का?" म्हणत त्याला स्वतःच्या हातानं भरवली. तेव्हापासून तो जीपवाला त्यांच्या फाटकापुढून हॉर्नसुद्धा न वाजवता सुसाट निघून जातो.

माणसांची ही गत, मग त्यांच्या लाडक्या गाईचं काय विचारता! पवळी नावाची लाल कंधारी गाय, तांबूस, तुकतुकीत, नजर लागावी अशी. उसाची तोड सुरू झाली की फडात वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्यागार शेंड्यांचे, ढीग पडतात. गेल्या हंगामात पवळी गाभण होती, त्यामुळे दाजींना तर चेवच चढला. सकाळ-संध्याकाळ नुसते वाढे. अक्का बिचारी म्हणायची, "अहो, थोडा कडबा घाला." त्यावर दाजींचं उत्तर ठरलेलं. "वाळलेलं काय घालायचं लेकराला? तिला हिरवं आवडतं. खाऊ दे की!"

त्याच दिवसांत पवळीला गोठ्यालगतची चुन्यानं रंगवलेली भिंत चाटायचा नाद लागला. दाजी आल्यागेल्याला हात धरून ते दाखवायला न्यायचे. "बघा, घराचे मुके घेऊन राह्यली. जीव लावला ना, की जनावराला बराबर कळतं!" आम्हीही कौतुकानं माना डोलावल्या. दुसरं काय करणार?

मग पवळी व्याली. कालवड झाली म्हणून दाजींनी गावभर पेढे वाटले, मलाही जालन्याहून बोलावून घेतलं. मी सकाळी पोचलो तर पवळी बसलेली, आणि काही केल्या उठेना. मान पोटाशी वळवलेली, कान थंडगार. दाजी तिच्या तोंडापुढं वाढे धरून विनवत होते, "खा गं माय, एवढं तरी खा." तिनं डोळासुद्धा उघडला नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी शिरेतून कॅल्शियम सोडलं आणि विचारलं, "हिला काय घालता?"

दाजींनी वाढ्यांचा ढीग दाखवला.

"आणि ती भिंत कुणी चाटली?"

"हिनंच."

"अहो, या वाढ्यांत मुळातच एक आम्ल असतं. ते खाण्यातला चुना धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. मग वासरासाठी, दुधासाठी ही हाडांतला काढून देत बसली. जवळचं संपत आलं, म्हणून भिंत चाटत होती." वाढे थोडेच, जोडीला भरपूर कडबा, वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपायची, असं बाईंनी समजावून सांगितलं.

बऱ्याच वेळानं पवळी हुंकारली, मागचे पाय गोळा केले आणि थरथरत उठली. अक्कानं हात जोडले. दाजी मात्र खांबाला धरून लहान पोरासारखे रडायला लागले. "खाऊ घालू घालू मीच मारत होतो की हिला!" मला त्यांच्याकडं बघवेना.

पवळी आता बरी आहे. चालताना मागचा पाय जरा जपून टाकते, तेवढंच. कडबा खाते, निवळी शिंपलेले चार वाढे खाते.

परवा गेलो होतो. जेवताना सवयीनं ताटावर हात आडवा धरला. दाजी वरणाची पळी घेऊन उभे. "पाव्हणं, थोडं घेता का? न्हाई तर राहू द्या."

हे वाक्य ऐकायला माझे कान वर्षानुवर्षं आसुसलेले होते. ऐकलं, आणि ते दाजींचं वाटेचना. पोट गच्च भरलेलं होतं, तरी मी हात काढला, ताट पुढं सारलं. म्हटलं, "वाढा की दाजी! लाजून राह्यले का?"

दाजी हसले. त्यांनी वाढलं, पण अर्धीच पळी.