सिस्टर सुप्रभाची ला पासमधली चढण

सुप्रभाने "आज काय खाल्लंस?" असं विचारलं, की इंग्लंडातल्या वॉटफर्डमधली चांगली साठीची मराठी माणसंसुद्धा खोटं बोलायची. मिरजेहून १९७३ साली आलेली ही नर्स एकतीस वर्षं वॉर्डात राबली, त्यातली अठरा वॉर्डाची प्रमुख, म्हणजे सिस्टर म्हणून, आणि रिटायर झाली ती फक्त कागदावर. मंडळाच्या गणपतीत ती मोदकांच्या ताटापाशी येऊन उभी राहिली, की डायबिटीसवाले निमूटपणे काकडीकडे वळायचे. जीव लावणारी बाई, पण तोंडाचा पट्टा सुटला की समोरच्याची खैर नसायची.

स्लाऊच्या लायब्ररीत नोकरी केलेली लीलावती तिची तीस वर्षांपासूनची मैत्रीण. डायबिटीस लीलावतीला, पण त्याचा ताबा सुप्रभाकडे. २००६च्या ऑक्टोबरात दोघी बोलिव्हियातल्या ला पासला गेल्या त्या लीलावतीच्या हट्टापायी. त्यासाठी तिने दोन वर्षं संध्याकाळच्या क्लासला जाऊन स्पॅनिश शिकून घेतलं होतं. सुप्रभाने फक्त औषधांची पिशवी भरली. स्पॅनिशवाचून आपलं काही अडेल असं तिला वाटलं नव्हतं.

शहर बारा हजार फुटांवर, आणि रस्ते असे उभे की शेजारच्या गल्लीत जायचं तरी धाप लागावी. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, सुप्रभाने हॉटेलात लीलावतीची ताटली स्वतः भरली. दोन अंडी आणि पाव. शुगरची गोळी समोर बसून गिळायला लावली. मग सुप्रभा पाणी आणायला उठली आणि परत आली तेव्हा ताटली रिकामी होती. निघताना लीलावतीच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टॉफ्यांची पुडी सापडली, ती तिने सरळ कचऱ्यात टाकली. लीलावतीने वाद घातला नाही, याचं सुप्रभाला तेव्हा बरंच वाटलं.

बाजाराच्या चढावर लीलावती आधी लहान मुलीसारखी हरखली होती. घेरदार परकर आणि डोक्यावर काळी गोल टोपी घातलेल्या बायकांशी स्पॅनिशमध्ये गप्पा काय, वाळवलेल्या मुळ्यांचे वास घेणं काय! मिनीबसमधून लटकणारे कंडक्टर गावांची नावं ओरडत होते, तर ही त्यांच्या मागे तीच नावं म्हणत होती. मग साडेबाराच्या सुमाराला ती गप्प झाली. एका जडीबुटीवालीवर विनाकारण खेकसली. कपाळावर घाम दिसायला लागला.

"अगं, इट्स जस्ट द अल्टिट्यूड," सुप्रभा म्हणाली. "बस जरा. डीप ब्रेथ्स घे."

जडीबुटीवालीने आपलं स्टूल पुढे केलं आणि थर्मासमधला पाल्याचा चहा कपात ओतून त्यात तीन चमचे साखर घातली. सुप्रभाने तो कप असा झटकला की अर्धा चहा फरशीवर सांडला. "नो शुगर! नो! डायबिटिक!" हातवारे करून तिने त्या बाईला एवढं ठणकावलं की तिने घाबरून साखरेच्या डब्याचं झाकण लावलं.

"सुप्रभा," लीलावती जड जिभेने म्हणाली, "लायब्ररी किती वाजता उघडते गं?"

लीलावती स्टुलावरून घसरत होती. खांद्याने तिला तोलून धरत सुप्रभाने हॉटेलचं कार्ड शोधायला तिची पर्स उपडी केली. आधी पासपोर्ट पडला, आणि मग कागदी रुमालात गुंडाळलेली दोन अंडी आणि पाव.

क्षणभर तिला काही उमगेना. मग वार आठवला. मंगळवार. आज अंगारकी! पाच वर्षांपूर्वी तिनेच हिचे उपवास बंद करवले होते. म्हणजे पोटात अन्नाचा कण नाही आणि सकाळची गोळी मात्र गेलेली. साखर उतरली होती, अल्टिट्यूडचा काही संबंध नव्हता.

"शुगर!" ती ओरडली. "शुगर, क्विक!"

बाईने मान हलवली. "नो, नो." तिने डबा छातीशी धरला. मघाशी एवढं बजावल्यावर ती आजारी बाईला साखर कशी देणार? आणि समजावून सांगायला स्पॅनिश येत होतं ते लीलावतीला, जिचे डोळे मिटत चालले होते.

एकतीस वर्षांत ज्या बाईने पेशंटच्या नातेवाइकांना कधी साधं "सॉरी" म्हटलं नव्हतं, तिने त्या अनोळखी बाईपुढे हात जोडले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. बाईने तिच्याकडे पाहिलं, लीलावतीकडे पाहिलं आणि झाकण उघडलं.

सुप्रभाने ओल्या बोटाने साखर लीलावतीच्या गालाच्या आत चोळली. पुन्हा चोळली. "गिळ. लीला, गिळ गं." थोड्या वेळाने घोट गिळता आला, तेव्हा उरलेल्या चहात साखर ढवळून एकेक घोट दिला. दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांत ती मनातल्या मनात लीलावतीच्या लेकाला फोनवर काय सांगायचं ते जुळवत होती, आणि एकही वाक्य जुळत नव्हतं.

"आपण बाजारात आहोत ना?" लीलावतीने विचारलं.

"पाच वर्षं?" सुप्रभाने विचारलं. "पाच वर्षं उपवास करतेयस? आणि मला सांगायचीस पोहे खाल्ले म्हणून?"

"मग काय सांगणार? तू किती बोलतेस." लीलावती कपात बघत राहिली. "खरं सांगू? चक्कर येण्यापेक्षा मला तुझीच भीती जास्त वाटते."

सुप्रभाला ते शब्द थोबाडीत बसल्यासारखे लागले. आपण साऱ्यांचा जीव सांभाळतो, या समजावर तिचं आयुष्य उभं होतं. वॉर्डातल्या किती जणांनी आपल्याला असंच खोटं सांगितलं असेल?

"मी रागावणारच," ती शेवटी म्हणाली. "तो स्वभाव आता जायचा नाही. पण तरी सांगत जा, लीला. प्लीज."

लीलावतीने शेवटचा घोट घेऊन कप तिच्या हातात दिला.

"मग आत्ताच सांगते. चंद्र बघितल्याशिवाय मी आज उपवास सोडणार नाही."

सुप्रभाने तोंड उघडलं. एवढी वाक्यं ओठांवर आली. ती सगळी तिने गिळली आणि कप त्या बाईपुढे धरला.

"गोड चहा चालतो ना उपवासाला?" तिने विचारलं. "मग आणखी एक पी. आणि दर तासाला पी."